एक डोळा, दोन मशीन

आमच्या मापाच्या खोलीत किस्से का साठतात, सांगू? खोलीत अंधार असतो, पेशंट घाबरलेला असतो, आणि हनुवटी टेकवली की त्याला हलायची बंदी असते. माणसाला हलता आलं नाही, की तो बोलतो!

मी लातुरात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट. मोतीबिंदू काढल्यावर आत जी लेन्स बसवतात, तिचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून ठरतो. ती लांबी मोजायचं काम माझं. आठ वर्षं जुन्या मशीनवर मोजली. बधिर करणारा थेंब टाकायचा आणि पेनासारखा प्रोब बुबुळाला अलगद टेकवायचा. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात नवीन मशीन आली. ही डोळ्याला शिवतच नाही. पेशंटनं लाल दिव्याकडं बघायचं, बस्स!

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कांबळे, महिनाभर प्रत्येक डोळा दोन्हीवर मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा."

पहिल्याच दिवशी फरक! जुन्या मशीनवर प्रत्येक डोळा पाव मिलिमीटर आखूड.

"एवढ्याशानं काय होतंय, मॅडम?"

"अर्ध्या-पाऊण नंबराचा चष्मा लागतो."

मग त्यांनी तेच पेशंट जुन्या मशीनवर स्वतः मोजले. त्यांचे आकडे नवीनशी जुळले. "मशीन चांगली आहे, कांबळे. तुमचा हात दाबतो, म्हणून डोळा आखूड येतो."

आठ वर्षं! त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

⁂

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला एक जुना पेशंट आला, एसटीतला कंडक्टर. माप अर्थात माझंच.

"जवळचं लई झ्याक दिसतंय, साहेब. तिकिटावरचा बारीक आकडा बी! फक्त थांबा मागं गेल्यावर कळतंय, की थांबा होता म्हणून!"

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं. चूक माझ्या हाताची होती, हे मी त्याला तिथंच सांगितलं आणि चष्म्याचा नंबर काढून दिला.

⁂

उदगीरचे एक अडते आले, शिवाप्पा. "उदगीर जिल्हा होऊ द्या, असली मशीन आमच्याकडंच येती!" असं म्हणत हनुवटी टेकवली. दोन्ही मापं झाली, परत फरक. मी दोन्ही आकडे पुन्हा ताडून बघितले.

"काय झालं?"

"दोन मशीनच्या मापात फरक येतोय, काका."

"आमच्या अडतीत दोन काट्यांत फरक आला, तर काटा बदलत न्हाईत. तोलणाऱ्याला बदलतेत!"

दाराशी उभ्या मॅडम हसल्या.

⁂

भोकरची एक आजी लेकीकडं आली होती. मोतीबिंदू पिकून पांढराफेक झालेला. नवीन मशीनचा उजेड त्यातून आत जाईना. मॅडमनी तोडगा काढला: डोळ्यावर छोटी वाटी बसवायची, तीत सलाईनचं पाणी भरायचं आणि प्रोब पाण्यात धरायचा. बुबुळाला टेकत नाही, म्हणजे दाबायचा प्रश्नच नाही! मी वाटी भरली, आणि आजी ओरडली,

"लेकीच्या घरी प्यायला पानी न्हाई, आन् तुमी डोळ्यात वतायलाव का?"

⁂

आणि किल्लारीच्या गयाबाई. भूकंपात भिंत अंगावर आली, तेव्हा उजवा डोळा गेला. आता डाव्यात मोतीबिंदू. म्हणजे चुकायला जागाच नाही.

मोतीबिंदू घट्ट आणि नजर ठरेना. नवीन मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवी. जुनीवर टेकवून घेतलेलं माप त्या सगळ्या आकड्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड.

मॅडमनी पहिल्यांदाच मला विचारलं, "कांबळे, कोणता धरू?"

"कोणताच नको. पाण्यातनं घेतो."

दहा वेळा घेतलं. दहाही आकडे एकमेकांना चिकटून आले.

"नक्की?"

"नक्की," म्हणालो.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पट्टी काढली. मी समोरच्या भिंतीला टेकून उभा होतो. मॅडमनी डोळ्यासमोर बोटं धरली. "गयाबाई, किती?"

गयाबाईंनी बोटांकडं बघितलंच नाही. त्या माझ्या डोक्याच्या वर एकटक बघत होत्या. शेवटी मीच विचारलं,

"मावशी, दिसतंय का?"

"लेकरा," त्या हळूच म्हणाल्या, "तिथून बाजूला सरक. भिंतीला तडा गेलाय."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. छताजवळ, केसाएवढा.