उडीचं बटण

दादा गेल्यावर वहिनीने त्याच्या कपाटातला एक खोका मला दिला. आत आम्हा भावंडांचा जुना व्हिडिओ गेम होता, दोन्ही रिमोटांसकट. दुसरा रिमोट माझा. त्याचं उडीचं बटण पहिल्यापासून बिघडलेलं. दहादा दाबावं तेव्हा एकदा लागायचं, तोवर माझा माणूस खड्ड्यात पडलेला असायचा.

"दादा, बटण लागत नाहीये!"

तो पडद्यावरची नजरही न हलवता म्हणायचा, "तुला उडी मारता येत नाही. रडीचा डाव खडी!"

आज म्हटलं, निदान ते बटण तरी दुरुस्त करावं. मागचे स्क्रू काढले, बटणाखालचं रबर उचललं, तर त्याखाली कागदाची बारीक घडी. वहीचा कागद, समासाची लाल रेघ अजून दिसत होती. घडी काढून रिमोट टीव्हीला जोडून पाहिला. पहिल्याच दाबाला माझा माणूस टुणकन उडाला.

तेराव्याला जो तो सांगत होता, एवढा सरळ माणूस पुन्हा होणे नाही. मीही मान हलवत होते. माणूस गेला की त्याचा चांगुलपणा सगळ्यांच्या वाट्याला येतो. लबाडी मात्र जिच्याशी केली तिच्यापुरतीच उरते. इतक्या वर्षांनी भांडायला पुरावा हाती आला, आणि भांडायला दादा नाही.

बराच वेळ ती घडी तळहातावर घेऊन बसले. मग होती तिथेच परत ठेवली आणि स्क्रू आवळले.

मला उडी मारता येत नाही, दादा.