फरशी मागे मागे पुसतात

लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनला बसते, त्याचा दरीकडचा व्हरांडा तुम्ही पाहिला असणार. सिनेमात तो मसुरीला आहे. नायिका तिथे फरशी पुसत असते, नायक तरातरा येतो, घसरून आडवा होतो आणि प्रेमात पडतो. तेव्हापासून लोक आमच्याकडे दरी बघायला येत नाहीत, ती घसरायची जागा बघायला येतात.

ती फरशी अठरा वर्षं माझी आई पुसते आहे. एवढ्या वर्षांत तिथे घसरून कुणी प्रेमात पडलेलं नाही. एक साहेब पडले होते, त्यांनी तक्रारवहीत दोन पानं लिहिली.

शूटिंग भर आषाढात झालं. व्हरांड्यात इतकं धुकं, की समोरचा खांब दिसेना. म्हणून ते लोक धुकं जायची वाट बघत वडापाव खात बसले. धुकं गेल्यावर त्यांनी मशीन लावून स्वतःचं धुकं सोडलं. आमचं धुकं म्हणे एका जागी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा एक सहायक म्हणाला, नायिकेच्या मागे फरशी पुसणारी अजून एक बाई लागेल, गावातली. आईने ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या भाजे गावात पाण्याच्या टाकीपासून देवळापर्यंत सगळ्यांना कळलं. आईने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मात्र तिला मनापासून हवं होतं. आपण दिवसभर कुठे असतो आणि काय करतो, ते गावाने एकदा बघावं, एवढंच.

सकाळी ती इस्त्री केलेल्या कपड्यांत उभी राहिली. हॉटेलचा राखाडी कुर्ता-पायजमा, डोक्याला जाळी, पायात रबरी बूट. सहायकाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मावशी, तुम्ही गावातल्या वाटत नाही हो. रिअल फील येत नाहीये."

"मी भाज्याची हाय," आई म्हणाली. "आनी हितं रोज मीच पुसते."

रिअल फील मुंबईहून बसमधून आला. नऊवारी, कोऱ्या साडीला कोरी ठिगळं, नाकात लिंबाएवढी नथ. नऊवारी नेसून आमच्याकडे कुणी फरशी पुसत नाही. पण मसुरीला पुसत असतील.

आईला मात्र त्यांनी नायिकेला शिकवायच्या कामावर घेतलं. मुलगी बिचारी समजूतदार होती. आई तिला सांगत होती, "मागं मागं यायचं, बाय. पुसल्याल्या जागंवर आपला पाय पडू द्यायचा न्हाई." ती अर्ध्या तासात शिकलीसुद्धा. मग दिग्दर्शक आला. नायिका कॅमेऱ्यापासून लांब जाताना बरी दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तिला पुढे पुढे पुसत कॅमेऱ्याकडे यायला लावलं. आई बोलायला गेली, तर तिला कुणीतरी चहा दिला.

सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या घरात अर्धी आळी जमली होती. व्हरांडा दिसल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू कुटं हायस गं?"

"मी न्हाई त्यात," आई म्हणाली. "तिला मी शिकवलंय."

पडद्यावर नायिका ओल्या फरशीवरून थपाथपा चालत पुढे आली.

"आगं, पुसल्यालं तीच तुडवतीया की! ह्येच शिकवलंस व्हय?"

सगळे हसले. आई चहा टाकायला म्हणून उठली आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिग्दर्शकाचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

हॉटेलने लगेच त्या जागी पितळी पाटी ठोकली. शेजारी एक चकचकीत बादली आणि कधीही पाणी न लागलेला मॉप, फोटोसाठी. पाहुणे तो घेऊन पुढे पुढे पुसतात आणि एकमेकांवर घसरतात. मी त्यांना हसून माहिती सांगते. ड्युटीवर नाती नकोत असा आमच्या मॅनेजरचा नियम आहे, म्हणून पाहुण्यांसमोर मीही सगळ्यांसारखी आईला मावशीच म्हणते. सुरुवातीला लाज वाटायची. मग सवय झाली, आणि आता त्या सवयीची लाज वाटते.

गेल्या शनिवारी पाच-सहा जणांचा घोळका चिखलाच्या बुटांनी व्हरांड्यात शिरला आणि रील करू लागला. आईने पलीकडच्या टोकापासून पुसायला घेतलं. त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली.

"त्या मावशींना जरा बाजूला घ्या ना. फ्रेममध्ये येताहेत."

मॅनेजरने मला डोळ्यांनी खुणावलं. मी गेले. आई आमच्याकडे पाठ करून, मॉप डावीकडून उजवीकडे फिरवत, मागे मागे येत होती.

"फरशी वली हाय," ती मागे न बघता म्हणाली. "मागं व्हा."

ते एक पाऊल मागे झाले. ती एक पाऊल आली. ते आणखी मागे झाले. नायक झालेल्या मुलाने चकचकीत बादली छातीशी धरली होती. असं करत करत अख्खा घोळका पितळी पाटी ओलांडून जिन्याशी आला, आणि त्यांच्या मागे मॅनेजर.

"अगं, बोल ना मावशींना काहीतरी," तो दातओठ खात मला म्हणाला.

मी बोलले. "आई, सावकाश पूस. घाई नाही."

मॉप क्षणभर थांबला. मग आई पुसत पुसत आणखी एक पाऊल मागे आली, आणि मॅनेजर एक पायरी खाली उतरला.