मी बंद पाडलेला रस्ता

बहरीनच्या वाळवंटातला एक रस्ता माझ्यामुळे कायमचा बंद झाला. तो बंद होऊ नये म्हणून साहेबांशी बोलायला गेलेल्या मंडळींचा पुढारीही मीच होतो.

रस्ता म्हटल्यावर लगेच डांबर, दुभाजक, सिग्नल असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. झल्लाकच्या बाजूने आत शिरलं की वाळूत चाकांनी पाडलेली एक वाट होती, एवढंच. ती एका मोठ्या सपाट मैदानात जायची आणि तिथे हिवाळाभर शुक्रवारी सकाळी लोक बग्ग्या उडवायचे. बग्गी म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. ती बसल्या जागी थरथरते, चालवणाऱ्याला पोटभर धूळ चारते आणि वर त्याचं भाडं घेते. (यात काही अर्थ नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.)

घर म्हणजे गुदैबियातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. बायको अनघा एका दवाखान्यात अकाउंटंट. मुलगी इरा, जिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आणि त्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाई चिपळूणच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी घरात नुसतं "चहा!" म्हटलं तरी मी सावधानमध्ये उभा राहायचो.

सासूबाईंना आम्ही पहिल्यांदा बग्गीवर बसवलं ते फक्त फोटोसाठी. मी मोबाईल खिशातून काढून कॅमेरा उघडेपर्यंत त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या.

परत आल्या, गॉगल वर केला आणि म्हणाल्या, "अनघा, इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं का नाही?"

झालं! त्या दिवसापासून शुक्रवार बग्गीचा. अनघाचंही तेच. आठवडाभर इन्शुरन्सवाल्यांशी भांडून तिचा चेहरा वाळलेल्या कपड्यासारखा व्हायचा. शुक्रवारी हेल्मेट घातलं की त्याच्या आतून गाणं ऐकू यायचं. खरं सांगतो, त्या गाण्यासाठी मी ती सगळी धूळ माफ केली होती. आणि मी? मी चटईवर बसून थर्मास सांभाळायचो. ऑफिसात मात्र "आम्ही रायडिंग करतो" असं सांगायचो. 'आम्ही' या शब्दात किती जागा असते!

एका शुक्रवारी गेलो तर वाटेच्या तोंडाशी सिमेंटचे मोठे ठोकळे आणून ठेवलेले. अजून आडवे टाकले नव्हते, कडेला होते. शेजारी पाटी. बग्ग्या भाड्याने देणारे अबू यूसुफ पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. हा थोराड बहरिनी गृहस्थ आम्हा हिंदुस्थान्यांशी स्वतःच्या हिंदीत बोलायचा.

"खलास," ते म्हणाले. "रस्ता बंद करेगा. बोलता है, बग्गीवाला वाट छोडता, झाड तोडता."

वाटेच्या कडेला वाळवंटी झुडपांची रोपं नव्यानेच लावली होती. जाळीचं कुंपण, ठिबकच्या काळ्या नळ्या, सगळं व्यवस्थित. काही उनाड पोरं रात्रीबेरात्री त्यातून गाड्या घालून गेली होती आणि शिक्षा सगळ्यांना. पुढच्या शुक्रवारी कुणी सरकारी इंजिनियर येऊन पाहणी करणार होता आणि मग काय तो निर्णय. मैदानात जायला दुसरी वाट नव्हती. वाट गेली की अबू यूसुफचा धंदा गेला, अनघाचं गाणं गेलं आणि सासूबाईंचं तर बहरीनच गेलं.

"मी परत जाते चिपळूणला," सासूबाई म्हणाल्या. "इथे मॉल बघायला नाही आले मी."

अबू यूसुफच्या तंबूत तातडीची सभा भरली. इंजिनियरशी बोलणार कोण? अनघाने तोंड उघडलं, "मी..." पण अबू यूसुफची नजर माझ्यावर पडली होती. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात थर्मास.

"ये! ये इंजिनियर, वो इंजिनियर. शांत आदमी. कभी फास्ट नहीं चलाता."

(कधी चालवतच नाही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आणून द्यायची हीच वेळ होती. मी ती घालवली.)

"पण एक अट," मी खाकरून म्हणालो. "विरोध हा शब्द कुणी काढायचा नाही. आपण परक्या मुलखात व्हिसावर राहतो. आपण विरोध करत नाही, आपण फक्त प्रेमाने नाराज आहोत."

"बाबा, दॅट इज लिटरली अ प्रोटेस्ट," इरा म्हणाली. ती पुठ्ठ्यावर बग्गीचं चित्र रंगवत होती.

"गप! ही पिकनिक आहे. आणि तो पुठ्ठा आधी गाडीत ठेव."

आठवडाभर मी भाषणाची तयारी केली. आंघोळ करताना, भांडी घासताना, डक्ट मोजताना. शुक्रवारी टाय लावून निघालो.

"वाळवंटात टाय?" अनघा म्हणाली.

"छाप पडते."

"कुणावर? घोरपडींवर?"

इंजिनियर आल्या. हो, आल्या. मरियम नावाच्या, अबायाच्या पायघोळ काळ्या झग्याखाली सेफ्टी शूज घातलेल्या, अतिशय शांत बाई. हातात नकाशा. सोबत जीप. मी पुढे झालो आणि सुरू केलं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगतो. आम्ही निसर्गप्रेमी आहोत. शिस्त आमच्या रक्तात आहे. काही मोजक्या उनाडांमुळे सज्जनांची वाट अडवू नये. आणि शेवटी, टाळ्यांच्या अपेक्षेने, "मॅडम, आमच्यापैकी एकाही रायडरने आजवर ही वाट सोडलेली नाही!"

टाळ्या पडल्या. मरियमबाई सुद्धा हसल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? मलाही हा रस्ता सरसकट बंद करायचा नाहीये. मग असं करा मिस्टर श्रीकांत, तुम्हीच चालवून दाखवा. मैदानापर्यंत जायचं आणि यायचं. मी जीपमधून मागे येते."

टाळ्या थांबल्या आणि अबू यूसुफच्या शेगडीवरचा कावा, म्हणजे अरबी कॉफी, उकळताना ऐकू येऊ लागला.

अनघा माझ्या कानाशी आली. "अरे, तुला येते का?"

"त्यात काय यायचंय? पुण्यात अ‍ॅक्टिव्हा चालवलीय मी."

"श्रीकांत, नाही म्हण. मी जाते."

"आता? टाय लावून भाषण मी करायचं आणि चालवायचं बायकोने? काय म्हणतील!"

सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलं. "जावईबापू, नीट ऐका. याचा गॅस पिळायचा नसतो. उजव्या अंगठ्याने दाबायचा. गडबड झाली तर अंगठा उचला. कळलं?"

"कळलं, आई."

(कळणं आणि अंगठ्यापर्यंत पोचणं यात फार अंतर असतं.)

निघालो. सुरुवात इतकी देखणी झाली की विचारू नका. गोगलगायीच्या वेगाने, वाटेच्या बरोब्बर मधून. मागे जीप. कडेला मंडळी उभी. इराने हात हलवला. पुढाऱ्याने हात हलवायला नको? मी डावा हात उचलला.

आता सांगायची गोष्ट अशी की एक हात सुटला की दुसरा हात आपोआप घट्ट होतो. दुसरा हात म्हणजे उजवा. आणि उजव्या हाताला अंगठा असतो!

बग्गीने जी उडी मारली, तिच्यात माझा टाय खांद्यावरून मागे गेला. मी घाबरून दोन्ही मुठी आवळल्या. जितका घाबरलो तितका आवळलो, जितका आवळलो तितकी ती पळाली, जितकी पळाली तितका घाबरलो. पुण्याच्या अ‍ॅक्टिव्हाची ब्रेक दाबण्याची सवय सगळी पुण्यातच राहिलेली. समोर वळण आलं. वाट वळली. मी नाही वळलो.

पहिल्यांदा वळणावरची पाटी गेली. तिच्यावर 'कृपया वाट सोडू नये' असं अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं. ती उखडून माझ्या हँडलवर येऊन बसली, त्यामुळे मला पुढचं दिसेना. मग कुंपणाची जाळी खुंट्यांसकट माझ्या मागे निघाली, नवरीच्या शालूसारखी. मग ठिबकची नळी चाकात गुंडाळली गेली आणि ताणून तुटली. वाळवंटात कारंजं उडालं! मी रोपांच्या त्या बागेत गोल गोल फिरत होतो, अंगावर पाण्याचे फवारे घेत, आणि इंग्रजीत ओरडत होतो, "सॉरी मॅडम! सॉरी मॅडम!"

तेवढ्यात दुसऱ्या बग्गीचा आवाज आला. सासूबाई! पंजाबी ड्रेस, गॉगल, डोक्याला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. माझ्या जिवात जीव आला. आता त्या आत शिरणार, मला गाठणार, वाचवणार.

त्या आत शिरल्या नाहीत. वाटेच्या कडेला त्यांनी बग्गी अशी थांबवली की जणू तिथे चुन्याची रेघ मारली होती.

"आई! आत या!"

"शक्य नाही!" सासूबाई गरजल्या. "वाट सोडायची नाही! अंगठा उचला!"

"उचलला जात नाहीये!"

"मग लाल बटण दाबा! डाव्या हाताला! लाल! अहो, तो इंडिकेटर!"

मी तिसऱ्या फेरीत ते लाल बटण दाबलं. बग्गी जागच्या जागी बंद पडली. मी पडलो नाही. मी पुढे गेलो आणि अत्यंत हळुवारपणे एका हिरव्या, मऊ गोष्टीवर जाऊन बसलो.

मरियमबाई जीप वाटेवर सोडून चालत आल्या. अनघा धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने माझे हात, पाय, मान सगळं चाचपून पाहिलं आणि मी धडधाकट आहे म्हटल्यावर दोन पावलं मागे सरकली. यापेक्षा हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं.

"लागलं नाही ना?" मरियमबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"अल्हम्दुलिल्लाह. मग जरा उठता का? तेवढं एक रोप उरलंय."

मी उठलो. तेही उरलं नव्हतं.

मी खाली मान घालून चिखल झटकत असताना सिमेंटचे ठोकळे सरकवल्याचा आवाज आला. अबू यूसुफ "मफी मुश्किल, मफी मुश्किल", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणत माझी पाठ थोपटत राहिले, पण थोपटण्याचा जोर वाढत चालला होता.  घरी येताना गाडीत इरा म्हणाली, "बाबा, एव्हरीवन हॅज द व्हिडिओ."

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, सासूबाई सकाळीच साडी नेसून तयार. अनघाने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलेली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"इंजिनियरबाईंच्या ऑफिसात. अबू यूसुफ खाली गाडी घेऊन उभे आहेत."

"थांबा, मी टाय..."

"तू ऑफिसला जा," अनघा म्हणाली.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. अनघाने भाषण वगैरे केलं नाही. तिने मोबाईल काढून तोच व्हिडिओ समोर ठेवला. मरियमबाई म्हणे आधी हसल्या, मग अबायाच्या बाहीने डोळे पुसत पुन्हा हसल्या. मग अनघा म्हणाली, "मॅडम, या गोल फिरणाऱ्या माणसाकडे बघू नका. तो रायडर नाही, तो माझा नवरा आहे. तुम्ही कडेला बघा. ही माझी आई. समोर जावई मरतोय आणि तिने एक चाक वाटेखाली उतरवलेलं नाही. रायडर असा असतो."

मरियमबाईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. या वेळी फक्त कडेला. मग सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला जावयाची काळजी नाही वाटली?"

अनघाने मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "वाटली ना. पण रांग मोडायची नसते."

जुना रस्ता उघडला नाही. त्याची माती माझ्या हातून झालेलीच होती. पण महिन्याभराने रोपांच्या बागेला वळसा घालून मैदानात जाणारी दुसरी वाट मिळाली. दोन्ही कडांना दगड मांडलेले, नवशिक्यांसोबत शिकवणारा हवाच, वेगाला मर्यादा. पहिल्या शुक्रवारी सगळ्यात पुढे सासूबाई, मागे अनघा, तिच्या मागे बसलेली इरा. हेल्मेटच्या आतून पुन्हा गाणं. मी ते लांबून ऐकलं. लांबूनच, कारण माझी नेमणूक दुसरीकडे झाली होती. उद्ध्वस्त केलेली बाग पुन्हा लावायची आणि वाढवायची, असं मरियमबाईंनी गोड हसून सुचवलं होतं आणि माझ्या वतीने अनघाने ताबडतोब होकार दिला होता.

त्यामुळे हल्ली दर शुक्रवारी मी गुडघ्यांवर बसून रोपांभोवती आळी करत असतो. रोपं छान धरलीत. अबू यूसुफ नव्या गिऱ्हाइकांना तिथवर आणतात. आधी अर्धा तास सेफ्टीवर बोलायचे, आता बोलत नाहीत. नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "वो आदमी देखा? वो भी एक बार चलाया." लोक टकमका बघतात, हेल्मेटचे पट्टे मुकाट्याने आवळतात, आणि मी पाण्याचा झारा उंचावून हात हलवतो. डावा. उजव्याला अजून कुणी परवानगी दिलेली नाही.