अनूचं वजन

अंगणवाडीत वीस वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात, रजिस्टरं आणि किस्से. रजिस्टरं ऑफिसात जमा होतात. किस्से कुणी मागत नाही, मग ते असे चार माणसांत बसलं की आपोआप बाहेर पडतात. मी राजुरीजवळच्या एका वस्तीवरची सेविका. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगते.

हे सगळे किस्से एकाच वर्षातले. त्या वर्षी माझ्या रजिस्टरात एक नाव लाल शाईत होतं, अनू. दहा महिन्यांची पोर, आणि तीन महिने तिच्या वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. आणखी महिनाभर असंच चाललं तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करावं लागणार होतं. तिची आई सुनीता त्या नुसत्या विचारानेच रडायची.

*

वजनाचा दिवस होता. एक आजी गुटगुटीत नातू घेऊन आली. मी आकडा लिहिला तशी कानाशी येऊन म्हणाली, "बाई, दोन किलो कमीच लिवा की. नजर लागती."

मी म्हटलं, आजी, कमी लिहिलं तर आमच्या सुपरवायझर मॅडम तुमच्या घरी येतील आणि ह्याला कुपोषित ठरवतील. आजीने जरा विचार केला.

"मग ऱ्हाऊ द्या. पन मोठ्यानं वाचू नका!"

तेव्हापासून तिच्या नातवाचं वजन मी तिच्या कानात सांगते. अनूचंही मी सुनीताच्या कानातच सांगायचे, पण ते वेगळ्या कारणाने.

*

आमच्याकडे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुलांना अंडं मिळतं. माळकऱ्यांच्या मुलांना केळं. एका माळकरी घरातला पोरगा आपलं केळं शेजारच्याला देऊन त्याचं अंडं घ्यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

एक दिवस त्याचे आजोबा दारात उभे. म्हटलं, आली का पंचाईत! आजोबांनी चप्पलसुद्धा काढली नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पोरगं अंडं खातंय हे मला ठाऊक न्हाई. एवढं ध्यानात ठेवा."

आणि गेले.

*

अंगणवाडीसमोर रशीदभाईंचं किराणा दुकान आहे. तेव्हा तिथे कुरकुरीत खाऊची पाकिटं बरोबर मुलांच्या हाताला येतील अशी लटकवलेली असायची. मुलं त्यानेच पोट भरायची आणि माझी खिचडी पातेल्यात तशीच राहायची. एकदा मी भर रस्त्यात भाईंना झाडलं. दुसऱ्या दिवशी सगळी पाकिटं वर, छताजवळ टांगलेली.

पंधरा दिवसांनी मलाच वाईट वाटलं. विचारलं, धंदा कसा काय चाललाय?

"पोरांचं बंद झालं, बाई," भाई म्हणाले. "आता त्यांचे बाप न्यायला लागलेत."

*

मग पौष्टिक पदार्थांची स्पर्धा. नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पाल्याचे पराठे, बायकांनी काय काय मांडलं होतं! मुलं रांगेत बसून नुसती बघत होती. फोटो होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा मॅडमचा हुकूम होता. तेवढ्यात मॅडमना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. माझी मदतनीस शबाना आत एकटीच होती.

मॅडम परत आल्या तर पहिलं ताट रिकामं. "पहिल्या नंबरचे लाडू कुठायत?"

शबानाने एका पोराच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

मी तिला रागावल्याचं नाटक केलं. खरं तर मला तिचा लई अभिमान वाटला.

*

तिकडे अनूचा काटा तसाच. मी सुनीताला तक्ते दाखवले, पोषण आहाराची पाकिटं दिली, कधी किती भरवायचं ते पाठ करून घेतलं. एकदा तर ती रडेपर्यंत बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी तिच्या घरी गेले. दुपार झाली होती. सासरे भिवाबाबा ओट्यावर बसले होते. पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारं घर, आता शेती करतात. चार मेंढ्या तेवढ्या बाबांनी हट्टाने ठेवल्यात. मी सरळ सांगितलं, बाबा, पोरीचं वजन वाढत नाही आणि माझे उपाय संपले.

बाबांनी अनूला दोन्ही हातांत घेऊन तोललं.

"बाई, कोकरू खंगलं तर आमी कोकराला न्हाई बगत. मेंढीला बगतो."

मग त्यांनी आत हाक मारली. त्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. सुनीता पदर ओढून दाराआड येऊन उभी राहिली. तरी बाबांनी थेट तिलाच विचारलं, सकाळधरनं काय खाल्लंस? तिने पदर आणखी पुढे ओढला. शेवटी सासूच आतून म्हणाली, "च्या घेतलाय की तिनं. गडीमाणसं जेवल्यावर, पोरं जेवल्यावर, मग उरंल ते ती खाती. आमी बी तसंच केलं."

माझ्या रजिस्टरात आईच्या आहाराचा रकाना होता, आणि त्यात दर महिन्याला बरोबरची खूण मीच करत होते. तिला कधी विचारलंच नव्हतं.

*

पुढच्या वजनाच्या दिवशी काटा हलला. थोडाच, पण हलला! दवाखाना टळला. सुनीता अनूला घेऊन घरी गेली. मला मात्र चैन पडेना. बाबांना ही बातमी आपल्या तोंडानेच सांगायची म्हणून मुलं घरी पाठवली आणि त्यांच्या घरी गेले.

बाबा ओट्यावर बसले होते. पुढ्यात ताट. भाकरी, कालवण, सगळं वाढलेलं, पण घास मोडलेला नव्हता. शेजारी त्यांचा मुलगा अनूला मांडीवर घेऊन बसलेला. त्याचंही ताट तसंच.

मी म्हटलं, बाबा, कालवण गार होतंय, जेवा की.

"बसा, बाई," बाबा म्हणाले. "आत सून जेवतीया."