कावीळ उतरवणारी धुरपता

रविवारी सकाळी सानगडीच्या धुरपताबाईच्या ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असत. कोणी साकोलीचं, कोणी पार गोंदियाचं. पदर कमरेला खोचत ती बाहेर यायची आणि समोर दिसेल त्याला पहिलं हेच विचारायची, "का गा, खाज सुटते का अंगाले?"

"नाई, बाई."

"संडास कशी होते? पांढरी, चुन्यासारखी?"

"तसं काई नाई."

"मंग बस."

मग वेलीच्या काड्यांची माळ त्याच्या डोक्यावर. ती दिवसागणिक वाढायची, गळ्यात यायची, छातीवर, बेंबीपर्यंत. माळ उतरली की कावीळ उतरली. हे औषध सासऱ्याकडून आलं होतं, त्याच्या अटींसकट: वेलीचं नाव आणि माळेचं गुपित कोणाला सांगायचं नाही आणि दारी आलेल्याला परत लावायचं नाही. त्यामुळे खाज सुटलेल्यालाही माळ मिळे. फक्त त्याच्या घरच्यांना कोपऱ्यात नेऊन ती हळूच सांगे, "ह्याले दवाखान्यात नेजा. हे माह्या हातचं नोहे." लोकांना माळ लक्षात राहायची. कोपऱ्यातलं बोलणं ते तिथंच विसरून जात.

१९८३च्या उन्हाळ्यात तिलाच उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. पाठीतून खांद्यापर्यंत जायच्या, जेवण उलटायचं. नागपुरात फोटो काढला, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले.

"पिशवीच काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात. पण धोका आधीच सांगतो. पिशवीला लागून पित्ताची नळी असते, तिला इजा होऊ शकते. एखादा खडा नळीत निसटलेला असला तर तो मागाहून अडकतो. डोळे पिवळे दिसले की एक दिवसही थांबायचं नाही. इकडं यायचं."

तिचा नवरा जागेश्वर चक्क हसला. "पिवळे होतीन, इतकंच ना? मंग भेव नाई, साहेब. ते तं आमच्या घरचंच काम हाये."

धुरपताने त्याच्याकडे पाहिलं. काही बोलणार तोच नर्स तिला न्यायला आली.

ऑपरेशन नीट पार पडलं. बरगडीखाली वीतभर तिरपी शिवण आली, दहाव्या दिवशी टाके निघाले. काढलेले खडे बाटलीत घालून मिळाले, आणि ती बाटली गावात हातोहात फिरली.

"लाखोरीच्या दान्याएवढे हायेत व माय!"

"एवढे पोटात घेऊन धानाचा रोवणा करत होती तू?"

धुरपता हसायची, पण पोटावर हात दाबून. हसलं की शिवण ओढायची.

सव्वा महिना झाला. एका सकाळी धाकटी जाऊ पुष्पाबाई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "मोठ्या बाई, तुमचे डोळे!"

"पायले मी आरशात," धुरपता म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "चला जी, नागपूरले."

"कावीळच तं हाये, मंदाची माय."

"अंग खाजून राहिलं. संडास पांढरी झाली. हे त्यातलं नोहे."

"आख्ख्या मुलखाची उतरवली तू. अन् आपल्या घरची माळ सोडून दवाखान्यात जाशील? लोक काय म्हनतीन?"

लोक म्हणायला घरीच आले. शेजारचा भैय्यालाल खाटेच्या पायथ्याशी बसला. त्याची तिन्ही लेकरं धुरपताच्याच माळेने उठली होती. "औषध देनाराच दवाखान्यात गेला तं औषधीचा गुन जाते, बाई. मंग आमचे लेकरं कोनाच्या दारी न्यायचे?"

"अन् मी मेली तं?"

"असं अभद्र कायले बोलतेस? तुह्या घरात अमृत हाये."

आपली माळ आपल्या हाताने घालता येत नाही. ती पुष्पाबाईने केली, आयुष्यातली पहिली. न्हाऊन, ओल्या केसांनी. "गाठी बरोबर पडल्या ना, मोठ्या बाई?" तिचे डोळे भरून आले होते. धुरपताने मान खाली केली. न करून करते काय? अंगणापर्यंत चाललं तरी तिचे पाय लटपटत. एकटीने एस.टी. पकडून नागपूर गाठणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

माळ झरझर उतरली. बाराव्या दिवशी बेंबीला टेकली तेव्हा पुष्पाबाई नाचायचीच बाकी राहिली. धुरपता मात्र हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती आणि वाळल्या दोडक्याने दंड खरवडत होती.

"इकडं या," तिने जागेश्वरला जवळ बोलावलं. "तुमच्या बापाची आन मोडतो मी आज. काड्या वाळते, बारीक होते, गाठी ढिल्या पडते. म्हनून माळ उतरते. मुर्द्याच्या गळ्यात घातली तरी उतरन."

"अन् इतके लोक बरे झाले ते?"

"साधी कावीळ आपल्या आपन जाते. तीस वर्सं पायतो मी. खाज सुटलेला एकही बरा होऊन वापस नाई आला. चला ना जी. पाया पडतो तुमच्या."

जागेश्वरने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं.

"बडबडून राहिली," तो पुष्पाबाईला म्हणाला. "पान्याची पट्टी आन."

"मी शुद्धीत हाये!" धुरपता ओरडली. शिवण ओढली गेली आणि आवाज मध्येच तुटला. पुष्पाबाई तिच्या कपाळावर पट्टी ठेवून वारा घालत राहिली.

तेविसाव्या दिवशी हुडहुडी भरली. चार गोधड्या घातल्या तरी खाट हलायची थांबेना. दुपारपर्यंत ती कोणाला ओळखेनाशी झाली, तेव्हा कुठे जागेश्वर घाबरला.

नागपुरात नर्सने आधी कात्रीने माळ कापली.

"डोळे कधीपासून पिवळे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बावीस-तेवीस दिवस झाले असतीन."

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. "खडा नळीत अडकलाय. वर पू साचलाय. आत्ताच पुन्हा उघडावं लागेल. मागच्या वेळी धोका होता तो शंभरात एखाद्याला. आज तसं सांगता येत नाही. पण उघडलं नाही तर वाचणारच नाहीत. सही करा."

पेन हातात घेऊन जागेश्वर तिच्याजवळ गेला, तिच्या कानाशी वाकला. "मंदाची माय, काय करू? तू सांग. तू म्हनशील तसं करतो."

तिचे डोळे उघडे होते, पण ते त्याच्यावर ठरत नव्हते. नखं तेवढी चादर खरवडत होती. तो वाकूनच राहिला.

"बाबा, वेळ नाही," नर्स म्हणाली.

त्याने सही केली.

खडा निघाला. रक्तात पसरलेलं विष निघालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी धुरपता गेली. मधे एकदाही ती शुद्धीवर आली नाही. जागेश्वरला तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुझं खरं होतं.