पाण्यात तोललेल्या पाटल्या

लग्नाला चार महिने झाले असतील, तेव्हा माझ्या हातातल्या पाटल्यांवर घरात शंका आली. एका पाहुणीने माझा हात धरून पाटली वरखाली सरकवून पाहिली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "लय हलक्या लागायल्यात ओ. आत तांबं तर न्हाई?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दिवशी दिवसभर त्यांची नजर माझ्या मनगटावर होती. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला फार वर्षं झाली नव्हती. त्या धामधुमीत लोकांनी सोनं पुरलं, विकलं, बदललं, आणि कितीतरी खोटे दागिने हातोहात फिरले. पाटल्या घडवून घेतल्या होत्या माझ्या वडिलांनी. ते गंगाखेडला मास्तर. इतकी वर्षं उर्दूतून शिकवलेलं सगळं ते आता नव्याने मराठीतून शिकवत होते. पाटल्या खोट्या निघाल्या तर ते फसले असं इथे कुणी म्हणणार नव्हतं. त्यांनी फसवलं, असंच म्हणणार होते.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकाल दिला, "एक कापून बघा." म्हणून बाजारच्या दिवशी आत्याबाई मला बैलगाडीतून वालूरला सोनाराकडे घेऊन गेल्या.

सोनार साठीचा, किडकिडीत. तरुणपणी हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेला. त्याने पाटली कसोटीच्या दगडावर घासली आणि उमटलेली रेघ उजेडात धरली.

"वरचं सोनं चोख हाय," तो म्हणाला. "पन कसोटीला फकत वरचंच कळतं. आतलं न्हाई."

"मग कापा," आत्याबाई म्हणाल्या.

त्याने पाटलीवरच्या वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला. "घडन लय सुरेख हाय, वैनी. कापायला मन होईना. आदी पान्याला इचारू."

त्याने दागिन्याच्या कसाच्या, म्हणजे तेवढ्याच शुद्धतेच्या सोन्याचे तुकडे काढले. काट्याच्या एका बाजूला घोड्याच्या केसाने माझ्या दोन्ही पाटल्या टांगल्या, दुसऱ्या बाजूला ते तुकडे. चिमट्याने एकेक कण वाढवत काटा अगदी बरोबरीत आणला. मग दोन्हींखाली पाण्याचे वाडगे सरकवले.

"सोन्याला जागा थोडी लागती," तो माझ्याकडे बघून म्हणाला. नव्या सुनेला कुणी असं समजावून सांगत नसे. "तेवढ्याच वजनात तांबं आसलं तर दागिना जाडसर होतो, जास्त जागा आडवतो. जितकी जागा आडवली तितकं पानी त्याला वर उचलतं. दोनी बाजूला सारकंच सोनं आसंल तर काटा हलनार न्हाई."

काटा हलला. माझ्या पाटल्या वर उचलल्या गेल्या, थोड्याच, पण दिसण्याइतक्या.

"बघा!" आत्याबाई म्हणाल्या.

वडिलांना हे कळेल तेव्हा ते काय करतील, एवढंच डोक्यात येत होतं. सोनार मात्र वाडग्यावर वाकून राहिला होता.

"थांबा वैनी. हिथं हवा बसलीय."

मीही वाकून पाहिलं. नक्षीच्या खाचाखाचांत मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटले होते. त्याने पाटल्या बाहेर काढल्या, रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ कुंचल्याने खाच न् खाच पुसली आणि पुन्हा टांगल्या. काट्याला वारा लागू नये म्हणून दाराचा पडदाही सोडला. घाई नाही, बडबड नाही. दुसरा कुणी असता तर त्याने पहिल्याच वेळी तोंड वाकडं करून छिन्नी उचलली असती.

पाटल्या पाण्यात उतरल्या. काटा एकदा डुलला आणि मधोमध स्थिर झाला.

"आरपार सोनं," सोनार म्हणाला. "ज्यानं दिलं त्यानं पारखून दिलंय."

मी पदराने डोळे पुसले. आत्याबाईंनी आपल्या उजव्या हातातला तोडा जोर लावून काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. तो तोडा त्यांना लग्नात सासरहून मिळालेला. घरातला सगळ्यांत मानाचा दागिना.

"ह्यो बी बघा."

"त्याला काय बघायचं वैनी?"

"सुनंचं बगितलं न्हव का? मग माजं बी बगा."

तोडा जड. सोनाराजवळचे तुकडे पुरेनात. तेव्हा त्याने माझ्या पाटल्याच समोर टांगल्या आणि उरलेलं वजन तुकड्यांनी जुळवलं. माझ्या वडिलांनी दिलेलं सोनं आता माप झालं होतं. तोडा पाण्यात गेला आणि झटकन वर आला. सोनाराने तो कुंचल्याने पुसला, पुन्हा टांगला, तिसऱ्यांदाही टांगला. दर वेळी तोडा वरच. त्याने सोन्याचे तुकडे एकेक करून डबीत परत ठेवायला घेतले.

"बोला की," आत्याबाई म्हणाल्या.

"आत सळई हाय वैनी. तांब्याची आसंल. वरून जाड पत्रा."

मला वाटलं, आता त्या चिडतील, नाहीतर रडतील. त्यांनी तोडा पुसला आणि पुन्हा हातात चढवला. "तीस वर्सं मिरवला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "तोड्याला काय ठावं त्याच्या पोटात काय हाय!"

संध्याकाळी मामंजी जेवायला बसले असताना त्यांनी स्वतःच सांगितलं. "सुनंच्या पाटल्या चोख हायत. तोडा आपला खोटा निगाला." मामंजींचा घास हातातच राहिला. आत्याबाईंनी शांतपणे त्यांच्या ताटात आमटी वाढली. ही गोष्ट त्यांना सहज लपवता आली असती. सोनाराच्या दुकानात आम्ही दोघीच गेलो होतो, आणि माझी बोलायची हिंमतही नव्हती.

त्या सोनाराची हुशारी मी पुढे अनेकांना सांगितली. आत्याबाईंचं मात्र फारसं कुणाला सांगितलं नाही. ते सांगायला शब्द नीट जमत नसत. वालूरहून परतताना गाडी गावाच्या वाटेला लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुजे वडील शाळंत काय काय शिकवतेत गं?" चार महिन्यांत त्यांनी माझ्या वडिलांबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं. मी बोलत राहिले, आणि घर येईपर्यंत त्या ऐकत होत्या.