डेटाबेस आणला आष्टीला

वेबसाइट बनवायचं काम मी आष्टीतल्या घरूनच करायची. साइटची सगळी माहिती साठवणारा डेटाबेस मात्र पुण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर होता. गावातलं नेट गेलं की माझ्या लॅपटॉपवरची साइट बंद. “गावात बसून हे जमणार नाही, पुण्याला ये,” साहेब दरवेळी ऐकवायचे.

एक दिवस डोकंच फिरलं. एसटीनं अंबडला मावशीकडं गेले, तिच्या वायफायवर लागेल ते सगळं उतरवून घेतलं आणि चाचणीपुरता डेटाबेस लॅपटॉपातच उभा केला. आता नेट लागतंय कुणाला!

महिन्याभरानं साहेबांचा फोन आला. “सर्व्हर बंद पडलाय. सगळ्यांचं काम ठप्प आहे.”

“सगळ्यांचं म्हणू नका सर, माझं चालू हाय.”

“कसं काय?”

“फोनवर न्हाई जमणार. आष्टीला या, मंग दाखवते.”